भार दिसला पाहिजे : शरदातल्या मालगाड्यांचे फोटो काढताना

जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत आजवर रेल्वे आलेली नाही. पुणे–नाशिक रेल्वेचा विषय मंचर-नारायणगावच्या चहाच्या टपऱ्यांवर वर्षानुवर्षं चघळला जातोय. मध्ये जमिनींच्या मोजण्याही झाल्या, मग खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीला त्रास होईल म्हणून मार्गच बदलायची भाषा सुरू झाली. तरीही ‘रेक’, म्हणजे एक अख्खी मालगाडी, हा शब्द इथल्या शेतकऱ्याला नवा नाही. रब्बीच्या तोंडावर कृषी सेवा केंद्रात युरियाची चौकशी केली, की “रेक लागला की मिळेल” हे उत्तर ठरलेलं. घराचं सिमेंट, रेशनचं धान्य, पंपावरचं डिझेल यांनी कुठे ना कुठे मालगाडीचा प्रवास केलेला असतो.

आपल्याकडे कॅमेरा घेऊन फिरणारी मंडळी कमी नाहीत. पावसाळ्यात माळशेज, हिवाळ्यात नाणेघाट, शिवजयंतीला शिवनेरी हे फोटो घरोघरी आहेत. शरदात मात्र दोन-तीन तासांच्या अंतरावर मालगाड्यांचा अस्सल विषय उभा असतो आणि तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. त्यांच्यासाठी हा लेख. सुरुवातीलाच एक सूत्र सांगून ठेवतो: मालगाडीच्या फोटोत भार दिसला पाहिजे. चकचकीत इंजिन कुणीही टिपतो. हजारो टन माल डोंगर चढतोय, हे ज्या फोटोत जाणवतं तो खरा मालगाडीचा फोटो. जागा, वेळ, लेन्स ही सगळी निवड या एका कसोटीवर करायची.

शरदच का?

पावसाळ्यात घाट सुंदर असतो, पण उजेड मेलेला असतो, लेन्सवर पाणी असतं आणि दरडींचं भय असतं. उन्हाळ्यात डोंगर करपलेले. परतीचा पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात हात आखडता घेतो आणि तिथून दिवाळीनंतरच्या पंधरवड्यापर्यंतचा काळ आपला.

या दीड महिन्यात रंग झपाट्याने बदलतात. नवरात्राच्या सुमाराला डोंगरउतार हिरवे असतात, त्यांवर सोनकीचा पिवळा थर असतो आणि आदिवासी पट्ट्यात खुरासणीची शेतं फुललेली असतात. कोजागिरीच्या पुढे गवत पिवळं पडायला लागतं. दिवाळीच्या आसपास मावळात आणि इगतपुरीकडे भात कापणीला आलेला असतो, खाचरांत पेंढ्या आडव्या पडतात. हिरवी पार्श्वभूमी हवी असेल तर दसऱ्याच्या आगेमागे जा, सोनेरी हवी असेल तर दिवाळीत. मालडब्यांचा रंग बहुतेक तपकिरी-तांबडा असतो. तो हिरव्यावर उठून दिसतो आणि वाळल्या गवतात मिसळून जातो. म्हणून दिवाळीनंतर रंगीत कंटेनरांची गाडी मिळाली तर सोडू नका.

हवेचं गणितही लक्षात घ्या. ऑक्टोबरच्या उकाड्यात दुपारी दरीत धुरकट पडदा तयार होतो आणि लांबचे डोंगर पुसले जातात. परतीच्या पावसाची सर येऊन गेली, की दुसऱ्या दिवशी सकाळी हवा धुतलेली असते. आदल्या संध्याकाळी गडगडाट झाला असेल तर पहाटेचा गजर लावून झोपा.

सूर्य कुठे आहे ते आधी पाहा

मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत आपल्याकडे माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो. ऑक्टोबरपासून तो दिवसभर दक्षिणेकडे कललेला राहतो. ऑक्टोबरच्या मध्यावर भर दुपारी त्याची उंची सुमारे ६३ अंश असते, नोव्हेंबरच्या मध्यावर ५३. ऊन तिरपं येत असल्यामुळे डब्यांच्या बाजूंवर, चाकांच्या सांगाड्यावर प्रकाश पोचतो. उन्हाळ्यात हाच भाग काळाठिक्कर दिसतो.

यातून दोन नियम निघतात. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या मार्गावर दक्षिणेच्या बाजूला उभं राहा. तळेगाव–लोणावळा मार्ग ढोबळमानाने असाच आहे. तिथे सकाळी पुण्याकडे येणाऱ्या गाडीच्या तोंडावर ऊन असतं, संध्याकाळी मुंबईकडे जाणाऱ्या गाडीच्या. उलट दिशेची गाडी आली तर समोरून घेऊ नका, बाजूने लांबलचक घ्या किंवा गेल्यावर शेपटाकडून घ्या.

दौंड–मनमाड मार्ग उत्तर-दक्षिण आहे. तिथे सकाळी रुळाच्या पूर्वेला आणि दुपारनंतर पश्चिमेला उभं राहायचं. दौंडकडे, म्हणजे दक्षिणेकडे तोंड करून येणाऱ्या गाडीचं इंजिन या दिवसांत बऱ्यापैकी उजळलेलं असतं. मनमाडकडे जाणारीचं तोंड बहुतेक सावलीत.

ऑक्टोबरच्या मध्यावर पुणे परिसरात सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि सव्वासहाच्या आत मावळतो. नोव्हेंबरच्या मध्यावर संध्याकाळ सहाच्या आतच संपते. कामाचा उजेड सकाळी साडेआठ-नऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर. मधला वेळ जेवणाला, जागा हेरण्याला आणि डब्यांचे बारकावे टिपण्याला ठेवा.

जायचं कुठे?

*मावळ : मळवली आणि भाजे.* आपल्या दोन्ही तालुक्यांतल्या माणसाला सुरुवातीसाठी हीच जागा सुचवेन. नारायणगाव, मंचर, राजगुरूनगर, चाकण, तळेगाव असा सरळ रस्ता आहे. चाकणचा चौक उजाडायच्या आत ओलांडला पाहिजे, एवढं पथ्य. गाडी तळेगाव किंवा वडगावला ठेवून पुणे–लोणावळा लोकलने मळवलीला उतरता येतं. रूळ इंद्रायणीच्या खोऱ्यातून जातो. दक्षिणेला लोहगड-विसापूर आणि भाजे लेणी, उत्तरेला कार्ल्याचा डोंगर.

भाजे लेण्यांकडे चढताना खाली खोरं उघडतं: भातखाचरं, द्रुतगती महामार्ग आणि त्यापलीकडे रेल्वे. तुम्ही रुळाच्या दक्षिणेला, उंचावर, सूर्य पाठीशी किंवा खांद्यावर. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी ही लेणी कोरली गेली तेव्हा कोकणातून घाटावर येणारा माल याच बाजूने वर चढत होता. नाणेघाटात जकातीचा दगडी रांजण पाहिलेल्या जुन्नरकराला व्यापारी वाट आणि लेणी यांचं नातं सांगायला नको. त्याच खोऱ्यातली आजची मालवाहतूक एका चौकटीत बसवणं ही इथली खरी संधी. लेणी पुरातत्त्व खात्याकडे आहेत, तिकीट आणि वेळ पाळावी लागते. विसापूर-लोहगडावरूनही खोरं दिसतं, पण अंतर मोठं असल्यामुळे लांब लेन्स आणि स्वच्छ हवा दोन्ही लागतात.

*बोरघाट : कर्जत ते लोणावळा.* हा घाट १८६३ साली सुरू झाला. जेम्स बर्कली हा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य अभियंता. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे येऊन अल्पावधीत वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट पुढे चालवलं. चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर गाडी १ मीटर वर येते. डोंगरातल्या रस्त्याला हा चढ काहीच नाही, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाकाला तो फार होतो. म्हणून कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात आणि लोणावळ्यापर्यंत ढकलत आणतात. पुढे ओढणारं आणि मागे ढकलणारं इंजिन एकाच फोटोत आलं, की भार सांगायला मथळा लागत नाही. वळणावर हे जमतं.

घाटातले मंकी हिल, नागनाथ, ठाकूरवाडी, जांबरुंग हे थांबे रेल्वेच्या कामाचे आहेत. रुळावरून चालत तिकडे जाणं बेकायदा आणि जीवघेणं. आपल्यासाठी वैध जागा तीन: कर्जत, खंडाळा आणि लोणावळ्याचे फलाट, खंडाळ्याच्या बाजूचे सार्वजनिक पॉइंट, आणि प्रवासी गाडीची खिडकी. लोणावळ्याहून कर्जतकडे उतरताना उजवी खिडकी धरा, दरी त्या बाजूला आहे. शेजारच्या मार्गावर चढणारी मालगाडी भेटली तर काही सेकंदच मिळतात, तेव्हा कॅमेरा तयार असू द्या, हात मात्र खिडकीच्या आत.

*थळघाट : कसारा ते इगतपुरी.* ओतूर-ब्राह्मणवाडा-कोतूळ-राजूर करत भंडारदऱ्यावरून घोटीला निघता येतं, किंवा आळेफाटा-संगमनेर-सिन्नर-घोटी असा मोठा रस्ता आहे. पहिला रस्ता वेळखाऊ, पण शरदात तोच घ्यावा. १ जानेवारी १८६५ रोजी सुरू झालेल्या या घाटाचाही चढ ३७ ला १ आहे आणि इथे कसाऱ्याला बँकर लागतात. एहेगावचा उंच पूल हा या घाटाचा मानबिंदू, दरीपासून त्याची उंची १८० फुटांच्या आसपास. घाटमाथ्यावर मुंबई–आग्रा महामार्गालगत उंटदरी आणि भातसा खोऱ्याचे कडे आहेत. तिथून दरीचा आवाका कळतो. महामार्गाच्या वळणावर मात्र गाडी उभी करू नका, ट्रक उतारावर असतात.

वरच्या सपाटीवर घोटी–इगतपुरीच्या भातशेतीत वेगळं चित्र मिळतं. रुळाच्या दक्षिणेला उभं राहिलात तर ऊन नीट पडतं आणि मागे त्रिंगलवाडीकडचे डोंगर येतात. कळसूबाईची रांग हवी असेल तर तोंड दक्षिणेकडे, म्हणजे उन्हाकडे करावं लागतं. ते फक्त सूर्योदयाच्या किंवा सूर्यास्ताच्या वेळी, बाजूच्या उजेडात साधतं. दुपारी हट्ट धरू नका.

*नगरचा पट्टा.* बेल्हे-आळे भागातल्या वाचकांना कल्याण–नगर महामार्गाने अहिल्यानगर सर्वांत सोयीचं. दौंड–मनमाड मार्गावर डोंगर कमी, पण आभाळ मोठं आणि मालवाहतूक भरपूर. अकोळनेरला इंधनाचा डेपो आहे, तिथे टँकर गाड्या येतात. वांबोरी-राहुरीकडे उसाची रानं आणि नुकतीच उगवलेली ज्वारी. इथे गाडी अख्खी दिसते, पहिल्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत. घाटात ती तुकड्यातुकड्यांनी भेटते.

सवड असेल त्यांनी पुढे कधी कॅसलरॉक–कुळे घाट आणि कोकण रेल्वेची रो-रो सेवाही पाहावी. कोकण रेल्वे १९९९ पासून भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढवून कोलाडहून गोव्याकडे नेते. मालगाडीवर ट्रक आणि ट्रकावर माल, असा दुहेरी भार दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळतो.

मालगाडी येणार केव्हा?

मालगाडीला प्रवाशांसाठी छापलेलं वेळापत्रक नसतं आणि रेल्वेच्या ॲपवर ती दिसत नाही. प्रवासी गाड्यांच्या फटीत ती सोडली जाते. तेव्हा प्रवासी गाड्यांचं वेळापत्रक उलटं वाचायला शिका. डेक्कन क्वीन, प्रगती, सिंहगड यांच्या सकाळ-संध्याकाळच्या रांगेत मालगाडीला वाट मिळणं अवघड. ही गर्दी ओसरली, की लूप लाइनला, म्हणजे मुख्य मार्गाशेजारच्या रुळावर, थांबवलेली मालगाडी हलते. स्टेशनात लूपला मालगाडी उभी दिसली तर पुढच्या एक्सप्रेसनंतर तिचा नंबर असण्याची शक्यता मोठी.

घाटात बँकर हे चिन्ह. कर्जतला किंवा कसाऱ्याला बँकर इंजिनांचा ताफा फलाटापलीकडे येऊन उभा राहिला, की चढणारी जड गाडी जवळ आहे असं समजा. वर पोचल्यावर हेच बँकर सुटून एकटे खाली जातात, म्हणजे पुढच्या खेपेची तयारी. मध्य रेल्वेत मुंबईकडे जाणारी गाडी ‘अप’ आणि मुंबईपासून दूर जाणारी ‘डाऊन’. त्यामुळे या दोन्ही घाटांत डोंगर चढणारी गाडी डाऊन असते. घोषणा ऐकताना नवख्याची इथे हमखास गल्लत होते.

उतरणारी मालगाडीही सोडू नका. उतारावर तिचा वेग फार कमी ठेवतात आणि घाटात ठरावीक ठिकाणी ती पूर्ण थांबवून ब्रेक ताब्यात असल्याची खात्री करतात. न थांबलेली गाडी चढावर वळवून रोखण्यासाठी तिथे कॅच सायडिंग ठेवलेली आहेत. त्यामुळे उतरत्या गाडीसाठी भरपूर वेळ मिळतो, दोन-तीन वेगळ्या चौकटी सहज होतात.

एका जागी बसून राहायची तयारी ठेवा. गाडीमागे गाडी पळवत चार स्टेशनं करणाऱ्याला चार मध्यम फोटो मिळतात. एका वळणावर अर्धा दिवस काढणाऱ्याला उजेड, सावली आणि गाडी तिन्ही जुळलेला एक फोटो मिळतो.

कॅमेऱ्याची जुळणी

चढणीवरची मालगाडी संथ असते. समोरून तिरकी येत असेल तर १/२५० सेकंदातही स्थिर येते. सपाटीवर बाजूने जाणाऱ्या गाडीला १/८०० किंवा १/१००० लागतं. छिद्र एफ ५.६ ते ८, आयएसओ २०० पासून सुरू करा आणि पहाटे गरजेप्रमाणे वाढवा. इंजिनाचा पुढचा दिवा प्रखर असतो, त्यामुळे स्वयंचलित मोजमाप फसतं आणि फोटो काळवंडतो. गाडी यायच्या आधी शेजारच्या गवतावर किंवा रुळांखालच्या खडीवर मोजमाप करून ते मॅन्युअलवर पक्कं करून ठेवा. रॉ फाइल घेत असाल तर सावलीतले चाकांचे तपशील नंतर वर काढता येतात.

२४-७० आणि ७०-२०० या दोन लेन्समध्ये बहुतेक काम भागतं. भार दाखवायला लांब लेन्स जास्त उपयोगी: २०० मिलिमीटरवर वळणातल्या वाघिणी एकमेकींना चिकटून आल्यासारख्या दिसतात, चढ जास्त उभा वाटतो आणि गाडीचं वजन डोळ्यांना जाणवतं. रुंद लेन्स खोरं दाखवते, पण गाडी चिमुकली करते. ती वापरायची तर अख्खी गाडी चौकटीत सामावेल अशा उंचीवरूनच. सकाळच्या दवातल्या गवतावरची चमक पोलरायझर कमी करतो, पण तो उजेडही खातो, हे लक्षात ठेवून शटर बघा.

मोबाइलवाल्यांनी हिरमुसायचं कारण नाही. बोटाने ताणून झूम करू नका. फोनमध्ये दुसरी लेन्स असेल तर २ किंवा ३ पटीचीच वापरा. गाडी जिथे येणार त्या जागेवर बोट दाबून फोकस आणि उजेड कुलूपबंद करा, मग बर्स्ट घ्या. मोबाइलला गाडीच्या तोंडापेक्षा लांबलचक बाजू आणि उभी गाडी जास्त मानवते. फ्लॅश कायमचा बंद. लोको पायलटच्या डोळ्यांवर उजेड मारणं म्हणजे त्याच्या कामात ढवळाढवळ.

वेग दाखवायचा असेल तर १/३० ते १/६० वर पॅनिंग करा: पाय रोवून, कमरेतून वळत, एका डब्यावरच्या एका अक्षरावर नजर ठेवून. मालगाडी या सरावाला उत्तम, कारण एकसारखे पन्नास-साठ डबे एकापाठोपाठ समोरून जातात. पहिल्या दहांत चुकलात तरी पुढचे चाळीस शिल्लक.

भार कसा दाखवायचा?

आधी काय चाललंय ते ओळखा. वरून उघड्या, उंच कडांच्या वाघिणी कोळशाच्या. बंद दरवाज्यांच्या धान्य, खत, सिमेंटच्या. गोल टाक्या इंधनाच्या. सपाट वाघिणींवर कंटेनर. दुमजली, जाळीसारख्या बंद डब्यांत नव्या मोटारी, त्या पुणे-चिंचवडकडून भरून निघतात. कोळशाचा भरलेला रेक चार हजार टनांच्या वर जातो आणि लांबी सहाशे मीटरांहून जास्त असते.

भरलेली गाडी आणि रिकामी गाडी यातला फरक चाकांजवळ दिसतो. डब्याच्या दोन्ही टोकांना चार-चार चाकांच्या बोग्या असतात आणि प्रत्येक बोगीच्या मधोमध जाड स्प्रिंगांचा जुडगा. भरलेल्या वाघिणीत या स्प्रिंगांची वेटोळी एकमेकांवर टेकत आलेली असतात, रिकाम्यात त्यांच्यात फट दिसते आणि डबा रुळांच्या सांध्यावर खडखडत उडतो. स्टेशनात शेजारच्या फलाटालगत गाडी उभी असेल तेव्हा लांब लेन्सने नेमकी ही बोगी भरून घ्या: तेलाने काळवंडलेलं लोखंड, त्यावर साचलेली तांबडी धूळ, ब्रेकची झिजलेली पट्टी, शेजारी खडूने केलेली तपासनीसाची खूण. डब्याच्या अंगावर रिकाम्या वजनाचे आणि क्षमतेचे आकडे रंगवलेले असतात, तेही वाचता येतील असे घ्या. या एका फोटोने घाटातल्या मोठ्या दृश्याला वजन येतं.

गाडीबरोबर तिचा मुलूखही येऊ द्या. रुळाजवळ भाताची कापणी चालली असेल तर पेंढ्या बांधणारी माणसं पुढे आणि गाडी मागे, अशी चौकट लावा. त्यांना आधी विचारा, दोन शब्द बोला. कांदा-टोमॅटोच्या तालुक्यातला माणूस पीकपाण्यावर बोलायला लागला, की कुणी परकं समजत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिवाळीआधी लासलगावहून १,६०० टन कांदा रेल्वेने दिल्लीला गेला आणि ‘कांदा एक्सप्रेस’ म्हणून त्या गाडीची बातमी झाली. ओतूर, मंचरचा कांदा बहुधा ट्रकनेच जातो. पण शेतमाल भरताना एखाद्या माल धक्क्यावर दिसला, तर गोणी पाठीवर घेतलेले हमाल हाच तिथला मुख्य फोटो. माल धक्क्यात शिरायला तिथल्या अधिकाऱ्यांची परवानगी लागते.

शेवटी शेपूट. बहुतेक जण इंजिन गेलं की कॅमेरा खाली करतात. शेवटचा ब्रेक व्हॅन, त्याच्या दारातला गार्ड (२०२२ पासून त्याचं अधिकृत पदनाम ट्रेन मॅनेजर) आणि घाटात त्याच्यामागे जोर लावणारे बँकर, यात सगळ्या गाडीची गोष्ट असते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेवर वीज आल्यावर १९२८ च्या सुमारास घाटात जी स्विस बनावटीची मालवाहू इंजिनं आली त्यांना लोक ‘खेकडा’ म्हणत. ती सांध्यात वळणारी होती. आजची डब्ल्यूएजी-९ चौकोनी आणि सुमारे ६,००० अश्वशक्तीची, तरी ३७ ला १ चा चढ मदतीशिवाय तिलाही जड जातो. हे फोटोत आणायचं तर शेवटपर्यंत थांबायला हवं.

पथ्यं

रुळावर, रुळाकडेच्या खडीवर, बोगद्यात, रेल्वेच्या पुलावर पाय ठेवायचा नाही. रेल्वे कायदा १९८९, कलम १४७ नुसार विनापरवाना घुसण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. पादचारी पुलावर सेल्फी स्टिक, ट्रायपॉडचा पाय, ओली छत्री उंच करू नका. स्पर्श न होताही वीज झेप घेते. ड्रोन रेल्वेवर उडवण्याचा विचारच सोडा.

फलाटावर तिकीट असू द्या आणि पिवळ्या रेषेच्या आत राहा. ट्रायपॉड पसरायचा असेल तर स्टेशन मास्तरांना आधी भेटा. आरपीएफच्या जवानाने हटकलं तर वाद न घालता काय करतोय ते दाखवा. धंद्यासाठी चित्रीकरण असेल तर रेल्वेच्या जनसंपर्क विभागाची रीतसर परवानगी घ्यावी लागते.

गवत कमरेएवढं असतं. त्यात साप, गांधीलमाश्या आणि कड्याला आग्या मोहोळं. लेण्यांजवळ धूर, अत्तर, आरडाओरड टाळा. बिबट्याच्या तालुक्यातल्या माणसाला काठी आणि बॅटरी घ्यायला सांगायला नको, पण पहाटे अनोळखी रानात एकट्याने जाऊ नये हे सांगतो. कुणाच्या खाचरात शिरण्याआधी मालकाला विचारा, उभ्या भातातून वाट काढू नका.

पहिल्या दिवसाची आखणी

मंचरहून पहाटे साडेचारला निघा. सहापर्यंत तळेगाव, लोकलने मळवली. सूर्योदयापासून नऊपर्यंत फलाटाच्या टोकाला, पुण्याकडे येणाऱ्या गाड्या. मग नाश्ता, आणि लूपला गाडी असेल तर बोगी व अक्षरांचे जवळचे फोटो. अकराला भाजे चढा. दुपारच्या धुरकटीत फोटो नकोत, पण वरून कुठलं वळण कसं दिसतं, कुठली चौकट मोकळी आहे ते ठरवून घ्या. साडेतीनपासून लेणी बंद व्हायच्या वेळेपर्यंत वरून खोऱ्यातली पूर्ण गाडी. उतरून शेवटच्या उजेडात मुंबईकडे जाणारी एखादी मिळते का पाहा. घाट आणि बँकर दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवा, एका दिवसात दोन्ही उरकायला गेलात तर दोन्ही हुकतील.

घरी आल्यावर प्रत्येक चांगल्या फोटोखाली तारीख, वेळ, जागा, दिशा, इंजिनाचा क्रमांक, डब्यांचा प्रकार आणि भरलेली की रिकामी एवढं लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात त्याच जागी जाताना ही वही वेळापत्रकाचं काम करते. आणि गावच्या कृषी सेवा केंद्रात रेक लागल्याची बातमी आली, तर तो कुठल्या धक्क्यावर लागलाय हे विचारून घ्या. तुमच्या रानात पडणाऱ्या खताच्या गाडीचा फोटो तुम्हीच काढायला हवा.